टॅक्सचा रकाना

बायको जाऊन दोन महिने झाल्यावर मी तिच्या शर्टाच्या कारखान्यात गेलो. तिचा कापलेला टॅक्स परत आणायला.

मी रंगारी. भिंत रंगवली की पैसे हातात, कपात-बिपात मला ठाऊक नाही. ती बावीस वर्षं कॉलर जोडत होती. तिथे तिला सगळे कॉलरबाईच म्हणत. पगाराची स्लिप ती घरी आणायची आणि मी फक्त तळाचा, हातात पडणारा आकडा बघायचो. शेवटचे पाच महिने तो आकडा कमी कमी होत गेला.

"हे काय?" मी विचारलं.

"टॅक्स वाढवलाय."

"सरकार तुझ्याच पगारावर चालतं वाटतं."

"मग! जरा अदबीनं बोला माझ्याशी."

पुढच्या महिन्यात आकडा आणखी घसरला, तेव्हा मी बोलून गेलो, "भावाला पोचवतेस काय?" तिनं स्लिपेची घडी घातली. मग म्हणाली, "वर्षअखेरीला परत मिळतो टॅक्स. तुम्हाला नवी शिडी घेऊ." माझ्या शिडीची एक पायरी दोरीनं बांधलेली आहे.

मिळतो म्हणाली होती, म्हणून गेलो. तिचं म्हणणं खरं होतं, हे एकदा हातात घेऊन बघायचं होतं.

पगार काढणारी मुलगी तरुण होती. तिनं पाचही स्लिपा टेबलावर मांडल्या.

"बसा काका. हा पूर्ण पगार. यातून हा फंड कापला, तो तुम्हाला मिळेल. हा विम्याचा हप्ता. आणि हा टॅक्सचा रकाना."

त्यात शून्य होतं. पाचही स्लिपांवर शून्य.

"काकूंचा पगार टॅक्स लागण्याइतका नव्हताच कधी."

"मग पैसे गेले कुठे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत असतं तर इथे कशाला आलो असतो?"

तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. बिनपगारी रजा. पहिल्या महिन्यात अर्धा दिवस, मग दोनदा अर्धा दिवस, पुढे दर गुरुवारी. "दुपारी दोनला निघायच्या. रजेला हॉस्पिटलचा कागद लागतो, तो न चुकता आणून द्यायच्या." फाइलमध्ये ते कागद होते. आधी तपासण्यांचे, नंतर औषध चढवल्याचे.

"मी म्हणायचे, काकांना सांगा. तर म्हणाल्या, सांगितलं की ते शिडीवर चढायचे नाहीत, माझ्याजवळ बसून राहतील. मग खायचं काय?"

ती मोरीत पडली तेव्हा मला कळलं. त्यानंतर एकोणीस दिवस. मी सगळ्यांना सांगत आलो, आजार एकोणीस दिवसांचा.

गुरुवारी ती रोजच्यासारखी सहालाच यायची. "दमले हो आज," म्हणायची. मी म्हणायचो, "बसूनच तर असतेस मशीनवर."

"काका, फंडासाठी इथे सही करा." केली. "स्लिपा ठेवू?"

"नको, नेतो."

जाताना हॉस्पिटलचे ते कागद पुन्हा एकदा बघायला मागितले. प्रत्येकावर सुटल्याची वेळ होती, चार, सव्वाचार. तिथून घर बसनं वीस मिनिटं. चार ते सहा ती कुठे होती, ते कशावरच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी एका खोलीच्या रंगाचा दुसरा हात अर्धवट टाकून मी चारला हॉस्पिटलला गेलो. फाटकासमोर बसथांबा आहे, तिथे बाकडं आहे. सहापर्यंत बसलो. आमच्या बाजूच्या चार बस गेल्या.

बाकडं अरुंद आहे. त्यावर एकच माणूस नीट बसतो. मी उभा राहिलो असतो.