तोंड मोठ्याचं, चासी माझी

मी एक ट्रक बोलतोय. छोटा टेंपो नाही आणि दहा चाकांचं धूडही नाही, मधला. पुढे दोन चाकं, मागे जोडीजोडीनं चार. पाच टन माल पाठीवर टाका, मी हसत नेईन. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी बहुतेक दुखणी लोकांनी मला दुसराच कुणीतरी समजल्यामुळे झाली.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझं नाक गोल होतं. कपाळावर कंपनीचं चिमुकलं चिन्ह, दाराच्या आत पितळी पट्टी आणि उजव्या पुढच्या चाकामागे चासीवर ठोकलेला नंबर. चासी म्हणजे आमचा कणा. दोन लांब पोलादी तुळया, बाकी सगळा संसार त्यांच्यावर उभा. चिन्ह चोरीला जातं, पट्टी निखळते, रंग तर प्रत्येक मालक आपल्या आवडीचा देतो. कणा मात्र जन्मभर तोच.

माझे पहिले मालक बर्फाचा कारखाना चालवायचे आणि मला चालवायचे आप्पा. भुशात घोळलेल्या लाद्या हौद्यात रचून आम्ही गावभर फिरायचो. उन्हाळ्यात हौद्यातून पाणी ठिबकायचं आणि गल्लीतली कुत्री रस्ता चाटत माझ्या मागे मागे यायची. आप्पांच्या तोंडात सदा शिवी, पण गिअर असा टाकायचे, जसं झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं.

एका उतारावर अचानक सायकलवाला आडवा आला. त्याला वाचवायला आप्पांनी मला सरळ झाडावर घातलं. सायकलवाला वाचला, आप्पांचं मनगट मोडलं आणि माझं तोंड गेलं. माझ्या मापाचं तोंड कुठं मिळेना. शेवटी मोडीत निघालेल्या माझ्या थोरल्या भावाचं, सात टनी गाडीचं तोंड गॅरेजवाल्यानं मला बसवलं. चौकोनी, रुंद, वर ताटलीएवढं चिन्ह. आप्पांनी हात गळ्यात बांधलेला, तसेच बघायला आले.

"लेका, बापाचा सदरा घालून मिरवतोयस की!" म्हणाले आणि पोट धरून हसले. पण त्यांनी माझं ओझं किलोभरही वाढवलं नाही. मी कोण, हे त्यांना ठाऊक होतं.

आप्पा थकले, पुढे कारखानाही बंद पडला आणि मी एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं माझं तोंड पाहिलं, चिन्ह वाचलं आणि हुकूम सोडला, "सात टनी आहे, घाला बिनधास्त!" ओले ओंडके चढत गेले. माझे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, करकरले, टायर फुटले. आम्हाला याहून वेगळी बोली येत नाही. तो म्हणायचा, "गाडी आळशी आहे." शेवटी एका चढावर कणा तडकला. त्यानं तिथं घाईघाईनं वेल्डिंग मारून घेतलं, वर काळा रंग फासला आणि मला जुन्या गाड्यांच्या आवारात विकून मोकळा झाला.

आवाराचे मालक शेठ. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गाडीला एक गोष्ट चिकटवायचा. माझी गोष्ट अशी, "सात टनी, एका हाताची, घरच्या लेकरासारखी सांभाळलेली." किती गिऱ्हाइकं ती ऐकून गेली! मी तिथंच. माझ्या सीटमध्ये मांजर व्याली, आरशातल्या चिमणीशी खरी चिमणी भांडत राहिली, टायरांभोवती गवत आलं. मग गाड्या कापून भंगारात नेणारा कटरवाला येऊ लागला. शेजारची बस त्यानं गॅसच्या ज्योतीनं दुधीसारखी चिरली आणि जाता जाता माझ्या दारावर खडूनं फुली मारली.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. चिडलो. मरायला हरकत नव्हती, पण दुसऱ्याच्या नावानं?

कटरवाला सिलिंडर उतरवत होता, त्याच सकाळी दोघी मायलेकी फाटकातून आत आल्या. लेक मधमाश्या पाळायची. फुलोरा येईल तिथं पेट्या न्यायच्या, हा तिचा धंदा. गेल्या हंगामात भाड्याच्या ट्रकवाल्यानं पेट्या भर उन्हात उभ्या ठेवल्या आणि स्वतः जेवून झोपला. निम्म्या पेट्यांतल्या माश्या आतल्या आत गुदमरून मेल्या. तेव्हाच तिनं ठरवलं, गाडी आपली आणि चालवायचीही आपणच. ट्रकचा परवाना नुकताच हातात पडलेला. जुनी गाडी घ्यायची ही पहिलीच वेळ. आई जन्मभर शिवणकाम केलेली. चष्मा दोरीनं गळ्यात आणि खांद्यावर पिशवी.

शेठनं माझी गोष्ट सुरू केली. "सात टनी" ऐकताच लेकीचा चेहरा पडला.

"सात टनी नको, शेठ. त्याचे पाटे फार कडक. माझ्या पेट्यांच्या वजनानं गाडी रिकाम्यासारखी उडते आणि आतली मधाची पोळी तुटतात. मला मधला ट्रक हवाय."

"अहो ताई, मोठं घेतलं तर कधीही बरंच की!"

"पायापेक्षा मोठी चप्पल घेऊन चालता का तुम्ही?" एवढं बोलून ती वळली. पाच पावलांत फाटक. कटरवाल्यानं नळी जोडायला घेतली. मी तिथं उभा, अंगात तेल नाही, बॅटरी मेलेली. अहो बाई, मधला मीच की! पण सांगणार कसं?

आई मात्र हलली नव्हती. माझ्या बॉनेटपाशी वाकून ती सांधा निरखत होती.

"अगं, इकडे ये. हे तोंड ह्याचं नाही."

"म्हणजे?"

"सदऱ्याला दुसऱ्या कापडाची कॉलर लावली, की खांद्यावर चुणी पडते. ही बघ चुणी." तिनं पिशवीतून टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक काढलं आणि माझ्या अंगावरून फिरवलं. दारावर चटकन चिकटलं. बॉनेटच्या कडेला आलं आणि घसरून पडलं. "इथं पत्रा नाही, नुसती लांबीची पुट्टी भरलीय. जोड दिलाय गं इथं."

शेठनं मान खाजवली. "मावशी, मी घेतला तेव्हापासून हा असाच आहे. देवाशप्पथ."

लेक परत आली. आता तिच्या चालीत घाई नव्हती. पोळ्यात हात घालताना जशी असेल, तशी ती शांत झाली. पितळी पट्टी शोधली. जागेवर दोन भोकं फक्त. मग सरळ गवतात पाठ टेकून ती माझ्याखाली सरकली. मागच्या पाट्यांवर हात फिरवला; मोठ्या गाडीला वर जास्तीचा छोटा पाटा असतो, तो मला नव्हता. मग पुढच्या चाकामागे तारेच्या ब्रशनं तिनं कणा घासायला घेतला. गंज उडाला, काळा रंग उडाला, त्याखालचा हिरवा, त्याखालचा आप्पांच्या वेळचा निळा. आणि कितीतरी वर्षांनी माझ्या नंबरला ऊन लागलं.

तिनं जुने सुटे भाग विकणाऱ्या एका काकांना फोन लावला. गेला महिनाभर ती त्यांचं डोकं खात होती. तिनं नंबर एकेक आकडा करून वाचला.

"पहिले दोन परत सांग," पलीकडून आवाज आला. तिनं सांगितले. "मग पोरी, तो मोठा नाहीच. मधला आहे, पाच टनी. तोंड काय, कुणीही लावतं."

ती गवतात पडल्या पडल्याच हसली. "आई, हाच गं!"

माझं नाव एवढं साधं आहे, पण ते ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो, ते माझं मला माहीत.

तिनं लगेच हो म्हटलं, असं समजू नका. आणखी पुढे सरकली आणि वेल्डिंगवर तिचं बोट थांबलं. बाहेर आली तेव्हा आवाज वेगळा होता. "शेठ, कणा तडकलेला आहे. हे उघडून नव्यानं करावं लागेल."

शेठनं खाली बसून स्वतः पाहिलं, आणि उठताना कान धरला. "मी खाली वाकलोच नव्हतो, ताई. ज्यानं विकला त्याचं ऐकलं, तेच तुम्हाला ऐकवलं."

इंजिन बघायला शेठच्या माणसानं तेल ओतलं, बॅटरी लावली आणि मला आधीच जरा गरम करून घ्यायला धावला. तिनं हात आडवा केला. "थंडच राहू दे. रोज सकाळी मला हा थंडच भेटणार आहे." ती वर चढली आणि तिनं किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसता खोकला. दुसऱ्यांदा काळा धूर. मांजर उडी मारून पळाली. तिसऱ्यांदा मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं आणि धडाडलो. आवारातली कबुतरं उडाली. आईनं कानावर हात ठेवले आणि ओरडून म्हणाली, "आवाज तुझ्या बाबांसारखा आहे, सुरुवातीला उगाच मोठा!"

मग घासाघीस झाली. ठरलेल्या भावानं दोघंही थोडी नाराज झाली, म्हणजे भाव बरोबर ठरला. कटरवाल्यानं नळी गुंडाळली आणि शेठचा चहा पिऊन निघून गेला.

कणा नीट दुरुस्त झाला, पाटे बदलले. तोंड बदलायचं का, असं गॅरेजवाल्यानं विचारलं. "राहू दे," लेक म्हणाली, "ओळख पटलीय आमची." फक्त ते ताटलीएवढं चिन्ह तिनं काढून टाकलं.

परवा आमची पहिली फेरी झाली. बागवाला म्हणाला, "एवढी धिप्पाड गाडी, अजून दहा-बारा पेट्या बसतील की!" ती म्हणाली, "दिसतो धिप्पाड. पण ह्याचं पोट मला माहितीय." तेव्हा माझे पाटे करकरले नाहीत. मऊ झाले.

तुम्ही कधी जुनी गाडी घ्यायला गेलात, तर माझं एक ऐका. तोंड बघून भुलू नका आणि तोंड बघून परतही फिरू नका. कपडे मळले तरी चालतील, खाली वाका. आम्ही बोलत नाही, पण आमचं खरं कुठंतरी ठोकून ठेवलेलं असतं.

आता दुसऱ्या फेरीत मी संत्र्याच्या बागेत उभा आहे. पेट्या हौद्यातच ठेवून तिनं नुकतीच त्यांची दारं उघडली. माश्या बाहेर आल्या, पण फुलांकडे गेल्या नाहीत. माझ्याकडे तोंड करून हवेतच डोलतायत. आधी छोट्या घिरट्या, मग मोठ्या. नव्या जागी आल्या की त्या असंच करतात म्हणे. परत यायचं ते घर डोळ्यांत भरून घेतात.

लेक आईला म्हणाली, "फुलोरा संपेपर्यंत गाडी एक इंचही हलवायची नाही, नाहीतर त्या चुकतील."

तेव्हा मला आता रजा द्या. माझ्या अंगावर लोक राहायला आलेत, मला जागचं हलता येत नाही.