एकाच बाजूचं हँडल

दुपार कलली तरी शेत काही संपत नव्हतं. ट्रॅक्टरवर बसून बसून सुनेचं अंग नुसतं आंबून गेलं होतं. मागे जुना बेलर धडधडत सुकं गवत गिळत होता, त्याचे चौकोनी गठ्ठे सुतळीने बांधत होता आणि एकेक करून ट्रॉलीवर ढकलत होता. ट्रॉलीत उभे होते तिचे सासरे, आबा. गठ्ठा ओढायचा, गुडघ्याचा रेटा द्यायचा, रचायचा. लगेच पुढचा हजर!

गेल्या हंगामात याच कामात आबांची कंबर धरली होती आणि ते अंथरुणाला खिळले होते. पुन्हा असं झालं तर उठणं अवघड, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण ऐकेल तो म्हातारा कसला!

"आबा, मी येते वर. तुम्ही चालवा."

"आणि मी काय, शोभेला बसू?"

बरं, गठ्ठे तरी जरा हलके असावेत? छे! ते दगडासारखेच हवेत. सैल गठ्ठा म्हणजे आळशी माणसाचं अंथरूण, असं त्यांचं म्हणणं. बेलरच्या मागच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक हँडल होतं. ते आवळलं की गवत अडून दाबलं जायचं, सैल केलं की गठ्ठा हलका व्हायचा. आबांनी सकाळीच दोन्ही हँडलं गच्च आवळून टाकली होती.

पाणी प्यायला ते ट्रॉलीच्या सावलीत टेकले, तेव्हा सून म्हणाली, "सुतळी बघून येते." ती बेलरच्या पलीकडे गेली आणि तिकडचं हँडल तिने भराभर सैल केलं. अलीकडचं आबांच्या नाकासमोर होतं, त्याला हात लावायची सोय नव्हती. एकाने भागेल, असं तिला वाटलं.

पण भागलं नाही. काम पुन्हा सुरू झालं. थोड्याच वेळात मागून आरोळी आली, "थांबव!"

आबांच्या हातात गठ्ठा होता. हलका होता खरा, पण एका अंगाला चांगलाच वाकलेला.

"सूनबाई, हे काय आहे?"

"गठ्ठा."

"हे केळं आहे! एकच बाजू सैल केलीस. माझ्यामागे माझ्या यंत्राला हात?"

"तुमच्या कंबरेसाठी केलं, आबा."

"माझ्या कंबरेचं मी बघतो. ये वर. घट्ट गठ्ठा म्हणजे काय ते कळू दे तुला!"

ते ट्रॉलीतून उतरू लागले. पाय खाली टेकवण्याआधी फळी धरून बराच वेळ तसेच थांबले. सुनेने ते पाहिलं. पण वाद न घालता ती ट्रॅक्टरवरून उतरून ट्रॉलीत चढली. आबांनी पलीकडचं हँडल पुन्हा आवळलं आणि ते ट्रॅक्टरवर चढून बसले.

सुरुवातीचे गठ्ठे तिने रागाच्या भरात उचलले. मग एकेकाला दोनदा रेटा द्यावा लागला. सुतळी बोटांत रुतली. एक गठ्ठा छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. ना वर जाईना, ना खाली ठेवता येईना. शेवटी गठ्ठ्यासकट तिने बसकण मारली.

इंजिन थांबलं.

"झालं एवढ्यात?" आबांनी विचारलं.

"झालं. हे माणसाचं काम नाही, आबा. तुम्ही रोज कसं करता, देव जाणे."

आबा ट्रॅक्टरवरून उतरले. कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "सकाळपासून मलाही जड जातायत."

ते बेलरमागे गेले. आधी एक हँडल सैल केलं, मग वळसा घालून दुसरं, तितकंच. मान वाकडी करून दोन्हींकडे पाहिलं.

"असं करतात. दोन्हीकडून सारखं."

आता ते आपल्याला खाली उतरवतील, असं सुनेला वाटलं. पण आबा पाय ओढत पुन्हा ट्रॅक्टरकडेच गेले आणि सीटवर टेकले.

"ऊठ पोरी. अर्धं शेत बाकी आहे अजून."

ती उठली.