मुक्कामाची गाडी

दिवेलागणीला कुंदा रघूला कडेवर घेऊन ओट्यावर यायची आणि खालच्या वळणाकडे बघत उभी राहायची. आधी आवाज यायचा, मग झाडांच्या शेंड्यांवरून उजेड सरकायचा आणि मग देवळापुढच्या पटांगणात धूळ उडवत मुक्कामाची गाडी येऊन थांबायची. गाडी थांबली की कुंदा आत जाऊन भात टाकायची. तोवर तिचं कशात चित्त लागत नसे.

खडकमाळ हे वेल्ह्याच्या अंगाचं, रस्ता जिथं संपतो तिथलं गाव. गाडी संध्याकाळी भोरहून यायची, रात्रभर देवळापुढे उभी राहायची आणि उजाडता उजाडता माघारी भोरला जायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपायचे. त्यांच्या भाकरीची पाळी घराघरांत लावून दिलेली होती. गावाला ही गाडी म्हणजे बाजार, कचेरी, लेकीचं सासर. कुंदाला ती दवाखाना होती.

तिचा नवरा मधू इथल्या शाळेवर मास्तर म्हणून आला, तेव्हा रघू पोटात होता. कुंदा पुण्यात वाढलेली, सायकलवरून कॉलेजात जाऊन बी.ए. झालेली. इथं आल्यावर सायकल ओसरीत टेकली ती टेकलीच; चढाच्या रस्त्यावर पोराला घेऊन ती काय कामाची? आखाडात एका रात्री रघूला ताप भरला आणि तापात झटके आले. मुठी आवळल्या, डोळे पांढरे झाले. मधू धावत ओवरीत गेला. मानसिंग ड्रायव्हरनं कुणाला न विचारता गाडी काढली. एक तान्हं पोर आणि त्याचे आईबाप, एवढ्या तिघांना घेऊन ती अख्खी गाडी भर पावसात रानातून धावली. भोरचे डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. ताप चढू देत जाऊ नका. असं पुन्हा होऊ शकतं."

त्यातला 'पुन्हा' हा शब्द तेवढा कुंदाच्या मनात घर करून बसला. भाकरी थापताना, केर काढताना, मधूशी बोलताना तिचा हात आपोआप रघूच्या कपाळावर जायचा.

मार्गशीर्षात भाकरीची पाळी तिच्याकडे होती, तेव्हा मानसिंगनं जेवता जेवता सांगितलं, "मास्तरीणबाई, आमचा मुक्काम हलतोय बरं का."

"कुठं?"

"पुण्याला. तिकडं कारखानं लई वाढल्यात. पाळीला माणसं पोचवायला गाड्या पुरंनात. मग जिथं भारमान कमी, तिथली गाडी उचलायची." गाडीत किती माणसं भरतात याच्या हिशेबाला ते लोक भारमान म्हणत. "तुमच्या गावची गाडी निम्मी रिकामी पळतीया. साहेब येऊन आठवडाभर मोजणार, मंग काय ते ठरवणार."

घरी मधूनं पेपरातलं वाचून दाखवलं. शहराची वाहतूक सुधारायची आहे. लोकांनी मोटारी, स्कुटरी घरी ठेवून बसनं जावं, रस्त्यावरची गर्दी आणि धूर दोन्ही कमी व्हावीत.

"चांगलाच विचार आहे," मधू म्हणाला.

"हो ना. पण कुणाच्या गाडीनं?" कुंदा म्हणाली, आणि रघूच्या कपाळाला हात लावून बघितला.

तिनं मग मधूच्या मागे लागून देवळात माणसं गोळा करवली. बोलली मात्र तीच. आठवडाभर घराघरातून आळीपाळीनं माणसं गाडीत बसली पाहिजेत. काम असो, नसो. ज्याचं तिकीट त्यानं काढायचं.

"म्हंजी कामाबिगर भोरला जायाचं आन् कामाबिगर माघारी यायचं?" चिमाजी म्हणाला. गावातला हसरा गडी, तोंड कधी मिटायचं नाही. "आमची म्हातारी म्हणंल, पोरगं पुढारी झालं."

माणसं हसली. पण पटलं सगळ्यांना. गाडी गेली तर नसरापूरपर्यंत पायपीट आली, हे कुणाला सांगायला नको होतं.

"एक लक्षात ठेवा," कुंदा म्हणाली. "साहेब शेवटपर्यंत मोजणार. भोर येईस्तोवर मध्ये कुणी उतरायचं नाही. काही झालं तरी."

गावानं शब्द पाळला. भात झोडून झालेला, शेतात फारसं काम नव्हतं. बाया ठेवणीतली लुगडी नेसून निघाल्या, म्हातारे देवाला जाऊ म्हणून निघाले. भोरला उतरायचं, राजवाड्यापर्यंत एक चक्कर मारायची, भजी खायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. साहेब पुढच्या बाकावर मफलर गुंडाळून बसे आणि दर थांब्याला मागे वळून बघे.

शेवटच्या दिवशी कुंदा स्वतः निघाली. दुसऱ्यांना पाठवायचं आणि आपण घरी बसायचं, हे तिला बरं वाटेना. खिडकीशी बसून तिनं रघूला मांडीवर घेतलं. गाडी गावातच गच्च भरली. बाकं भरली, मधल्या वाटेत माणसं दाटीनं उभी राहिली. वऱ्हाडासारखा गलका चालला होता. मागच्या लांब बाकावरून चिमाजी म्हणत होता, "नवरदेव कुठाय? पुढं मफलर बांधून बसलाय त्योच का?"

करंजफाट्याला मानसिंगनं ब्रेक दाबला.

फाटा गावाजवळच होता. ओढ्यापलीकडे बौद्धवाडी. रस्त्याच्या कडेला धुक्यात चार माणसं उभी होती, खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडीची झोळी. दादू पुढे आला. कुंदा त्याला ओळखत होती. ह्याच रस्त्याचं काम निघालं तेव्हा त्यानं इथं खडी फोडली होती.

"बायकू अडलीया," तो कंडक्टरला म्हणाला. "कालपासनं. सुईण म्हणती, आता दवाखाना गाठा."

कंडक्टरनं आत बघितलं, मग साहेबाकडे बघितलं.

"उभे आहेत तेवढेच जास्त झालेत," साहेब म्हणाला. "आणि हे आडवं माणूस."

"पाच-सहा जणांनी उतरा," कंडक्टर आत तोंड करून म्हणाला. "मागचं बाक मोकळं करा. गाव काय लांब न्हाई, चालत माघारी जाल."

गलका थांबला. कुणी हललं नाही.

"कोण हाय?" एका बाईनं विचारलं.

"वाडीतली दिसतीया," दुसरीनं सांगितलं.

मागच्या बाकावर चिमाजी दांडीला धरून अर्धा उठला. त्यानं कुंदाकडे बघितलं. आणखी दोघा-तिघांनी बघितलं. कुंदानं मान हलवली. पाहुण्यांसमोर पोराला खुणावावं तेवढीच. चिमाजी खाली बसला.

तिच्या मनात तेव्हा एवढंच होतं: आज शेवटचा दिवस. पाच-सहा माणसं उतरली की भारमान उतरलं. भारमान उतरलं की गाडी गेली. आणि गाडी गेली की रघूला 'पुन्हा' झालं तर कुणाला उठवायचं?

झोळी तिच्या खिडकीच्या बरोबर खाली होती. आतलं माणूस दिसत नव्हतं. घोंगडीची कड धरलेला एक हात फक्त दिसत होता. हिरव्या बांगड्या होत्या. हात कड घट्ट आवळायचा, सोडायचा, परत आवळायचा. रघूनं खिडकीतून त्या बांगड्यांकडे हात केला. कुंदानं त्याला अलीकडे ओढून घेतलं.

"कुणीच न्हाई?" कंडक्टरनं विचारलं.

दादू गाडीतल्या तोंडांकडे बघत होता. त्यानं विनवणी केली नाही. "बरं," एवढंच म्हणाला, आणि मागं वळून, "चला रं."

घंटी वाजली. मानसिंगनं गाडी हलवली नाही. घंटी परत वाजली, तेव्हा हलवली.

भोरला त्या दिवशी कुणी भजी खाल्ली नाहीत. परतीच्या गाडीत नसरापूरला कळलं. चौघांनी झोळी खांद्यावरून नसरापूरच्या अलीकडच्या पुलापर्यंत आणली होती. तिथंच दादूची बायको जाईबाई मोकळी झाली आणि तिथंच गेली. मुलगी झाली. ती जगली.

करंजफाटा आला तसा चिमाजी खिडकीबाहेर थुंकला. "आन् आपण बसूनच व्हतो," तो म्हणाला. त्यानंतर कित्येक दिवस त्यानं कुंदाच्या दारावरून जाताना हाक दिली नाही.

वाडीतली बाई म्हणून कुणी उठलं नाही, असं कुंदानं मनाशी म्हणून बघितलं. ते खोटंही नव्हतं. पण चिमाजी अर्धा उठला होता, हेही खरं होतं. रात्री मधू म्हणाला, "तू एकटीनं काय केलंस? गाडीभर माणसं होती." मान हलवल्याचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

गाडीचा मुक्काम राहिला. गावात साखर वाटली गेली. भाकरीची पाळी फिरत फिरत परत कुंदाकडे आली. ओवरीत दोघं जेवायला बसले तेव्हा तिनं विचारलं, "त्या दिवशी पाच-सहा जण उतरले असते, तर गाडी गेली असती ना?"

"कशापायी?" कंडक्टर म्हणाला. "तिकिटं भोरची फाटली व्हती. भारमान तिकिटावर धरत्यात, बाई. मानूस मधीच उतरला तर उतरला. त्येचं काय?"

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

कंडक्टरनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "इचारलं की म्या. कुणी उतरतंय का, म्हणून मोठ्यानं इचारलंच की."

मानसिंग खाली बघून जेवत होता. त्यानं दुसरी भाकरी घेतली नाही.

पौष संपता संपता रघूला ताप भरला. फार नव्हता, पण कुंदा रात्रभर ओल्या पट्ट्या बदलत बसली आणि उजाडताच त्याला दुपट्यात गुंडाळून गाडीत येऊन बसली. मधू अर्धी शाळा करून दुपारून तिच्या सायकलवर यायचा होता. गाडीत ती आणि दुधाची किटली घेतलेला एक म्हातारा, बस्स. भारमान मोजून झालं होतं. आता कामाबिगर कोण कशाला येईल?

करंजफाट्याला गाडी थांबली. दादूची आई अक्काबाई चढली. पदराआड तान्हं होतं. म्हातारा पलीकडे सरकला. अक्काबाई कुंदाच्या समोरच्या बाकावर बसली. तान्हं रडत होतं. मोठ्यानं नाही, रडून रडून आवाज बारीक झालेला.

"कुठं निघालात?" कुंदानं विचारलं.

"उत्रोलीला. तितं माजी भाची बाळंतीण हाय. तिच्यापाशी ठिवते हिला." अक्काबाई मुलीला हलवत म्हणाली. "शेळीचं दूध सोसंना. वरचं काय बी पोटात ठरंना."

कुंदाला पान्हा फुटला. चोळी ओली झाली ते तिला कळलं, आणि तिनं शाल पुढे ओढली. मग शाल बाजूला केली.

"माझ्याजवळ द्या," ती म्हणाली. "मी पाजते तिला."

अक्काबाईनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या रघूकडे. हात लांब करून तिनं त्याच्या पायाला बोटं लावली.

"नको, बाई. तुमचं लेकरू फणफणलंया. त्येला पुरू द्या तुमचं."

त्या दिवशीचं तिला ठाऊक होतं की नव्हतं, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दादूनं सांगितलं असेल. झोळी धरणाऱ्यांपैकी कुणी सांगितलं असेल. किंवा कुणीच सांगितलं नसेल, आणि म्हातारी मनापासूनच बोलली असेल. यातलं कोणतं बरं, हे कुंदाला ठरवता येईना.

"दोघांना पुरेल," ती म्हणाली.

अक्काबाईनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खिडकीकडे तोंड केलं. "उत्रोली काय लांब न्हाई," ती म्हणाली.

कंडक्टर आला. कुंदानं भोर सांगितलं, अक्काबाईनं उत्रोली. त्यानं तिकिटं फाडून दिली आणि पुढे जाऊन बसला. पुलावर मानसिंगनं गाडी हळू केली, अगदी माणसाच्या चालीएवढी, आणि पूल ओलांडल्यावर परत वेग धरला.

रघू झोपला होता. त्याच्या कपाळाला घाम आला होता. ताप उतरत होता. मागची सगळी बाकं रिकामी होती. तान्हं उत्रोली येईपर्यंत रडत होतं.