आधी सुनावणी, मग खोली

अमेरिकी सिनेटच्या इमारतीखाली, तळघरात, एक खोली आहे. खिडकी नाही. फोन बाहेर ठेवून आत जायचं. परदेशात दहशतवादी म्हणून सरकारनं कुणाला मारलं आणि का मारलं, ते आमच्या समितीच्या सदस्यांना तिथे सांगतात. गंमत अशी, की वर्तमानपत्रात वाचलेली गोष्ट उघड सुनावणीत खुशाल विचारता येते. तीच त्या खोलीत ऐकली, की बाहेर चकार शब्द काढायची सोय नाही. म्हणून आम्ही जुनी कर्मचारी मंडळी प्रत्येक नव्या सदस्याला पढवतो: आधी सुनावणी, मग खोली.

सिनेटर प्रुएटना मीच पढवलं होतं.

फादुमो वारसामे त्यांची मतदार, मिनियापोलिसची. तिचा भाऊ लिबान सोमालियात पाण्याचा टँकर चालवायचा. आमच्या ड्रोननं तो टँकर उडवला आणि दुसऱ्या दिवशी सरकारनं लिबानला दहशतवाद्यांचा म्होरक्या ठरवलं. "म्होरक्या?" फादुमो मला म्हणाली होती. "अगं, घरच्या शेळ्यासुद्धा त्याचं ऐकत नव्हत्या." तिला भरपाई नको होती. तो टँकर का उडवला, एवढं सरकारला चारचौघांत कुणीतरी विचारावं, एवढंच तिचं मागणं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती ऑफिसात सांबुसे, म्हणजे सोमाली सामोसे, घेऊन आली. प्रुएटनी उभ्याउभ्याच दोन खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाले, "मी विचारणार. माझा शब्द आहे." खाल्ल्या मिठाला जागतील, असं मला वाटलं. इतकी वर्षं इथे काढून मी अशी भोळी.

सुनावणीला फादुमो पुढच्या रांगेत बसली होती. प्रुएटांची पाळी आली. त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर मी लिबानचं नाव ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. त्यांनी कागद पालथा घातला आणि माइक जवळ ओढला.

"टँकरच्या प्रकरणाची समाधानकारक माहिती मला बंद दाराआड मिळाली आहे. त्यामुळे इथे बोलणं उचित नाही. माझा उरलेला वेळ मी परत करतो."

मी तडक बाहेर आले. कॉफीच्या यंत्रापाशी संरक्षण खात्याचा माणूस उभा होता, डेक्लन गॅरिटी.

"काय रे, ऐन सुनावणीच्या तोंडावर त्यांना खोलीत ओढलंत? लाज नाही वाटली?"

"आम्ही ओढलं?" तो हसला. "मॉरीन, काल संध्याकाळी तुझ्याच साहेबांचा फोन आला. सकाळी सुनावणीच्या आत मला सगळं सांगून टाका म्हणाले. आम्ही तर पुढच्या आठवड्यातली वेळ देत होतो. तुमच्याकडे पढवणारं कुणीतरी हुशार आहे हं."

इथून पुढे सांगताना मी प्रुएटला अहोजाहो करणार नाही.

मी त्याला लिफ्टपाशी गाठलं. "सिनेटर, तुम्ही मुद्दाम गेलात."

"निवडणूक आहे, मॉरीन. दहशतवाद्याच्या बहिणीची बाजू घेतली म्हणतील."

"होता का तो दहशतवादी?"

"ते मला सांगता येत नाही ना," तो म्हणाला. आवाजात चक्क सुटकेचा आनंद होता. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि माझ्याही.

फादुमो बाकावर बसली होती. मांडीवर सांबुशांचा रिकामा डबा. मी शेजारी बसले.

"लिबानला का मारलं, ते सिनेटरला आता कळलंय?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि तुला?"

"नाही. मला सांगणार नाहीत."

"म्हणजे काल त्यालाही माहीत नव्हतं, तोवर तो माझ्या बाजूचा होता."

तिनं पर्समधून फोन काढला. "आई वाट बघत असेल. विचारेल, काय झालं म्हणून."

"काय सांगशील?"

"सांगते, सिनेटरचं समाधान झालं."