लावून न पाहिलेली चावी

शाळेत आता मला कुणी गप्प बसवू शकत नाही. विज्ञान प्रदर्शनात मी आतड्याच्या कॅन्सरमधल्या जनुकांवर दहा मिनिटं न अडखळता बोलले आणि पहिली आले. विषय बाबांच्या दुखण्यावरून सुचलेला. त्याच तोऱ्यात मी घरी न जाता थेट बाबांच्या चाव्यांच्या दुकानात शिरले.

“बाबा, तुम्ही काय खाल्लं-प्यायलं ते उगाळत बसू नका. हे तुमच्या चाव्यांसारखंच आहे. पेशींची वाढ रोखायला एक कुलूप असतं. त्याला दोन चाव्या, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमची एक जन्मापासूनच झिजलेली. आतड्यातल्या एखाद्या पेशीत दुसरीही मोडली, की कुलूप लागतच नाही. आधी बारीक गाठ. मग वर्षानुवर्षं आणखी बिघाड होत जातात, आणि मग कॅन्सर.”

बाबा कानशीनं खाच घासत होते. “झकास समजावता हो, मास्तरीणबाई.” मग कानस थांबली. “ही झिजकी मला तुझ्या आजोबांकडून आली म्हणायची?”

“हो.”

“आणि तुला माझ्याकडून कुठली आली?”

याचं उत्तर माझ्या तक्त्यावर होतं. मीच लाल रंगात रंगवलेलं. पण हा प्रश्न बाबा विचारतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“निम्मी शक्यता,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात बाबांनी माझं रक्त जनुकांच्या तपासणीला द्यायला लावलं. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या पोटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. रोज एकच विचारायचे, “तुझ्या रक्ताचा रिपोर्ट आला का?”

तो आला तेव्हा बाबा हॉस्पिटलात होते. माझ्यात बिघाड नव्हता. मी त्यांना दोनदा वाचून दाखवला.

“नक्की?”

“नक्की, बाबा.”

“तू हल्ली बोलायला फार शिकलीस गं.”

“अहो, खरंच तसं लिहिलंय,” आई म्हणाली.

“तू तिचीच आई.” ते कसनुसं हसले. “डॉक्टरीणबाई सोमवारी येतायत. त्यांच्या तोंडून ऐकतो.”

बाबांची सवयच ती. नवी चावी हातात ठेवताना गिऱ्हाइकाला बजावायचे, आधी कुलपाला लावून बघा, मग शाबासकी द्या.

रविवारी दुपारी बाबा गेले.

सोमवारी आई आणि मी त्यांचे कागद आणायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझा रिपोर्ट चांगला आलाय, हे कळलं होतं ना त्यांना?”

“वाचून दाखवला होता,” मी म्हणाले. पुढे मला बोलता आलं नाही.