मुदत कोणाची वाढली?

"दाजी, मुदत वाढली! आत्ताच माझ्या हाताने फळ्यावर कागद चिकटवला!"

फोनवर मेहुणा असा ओरडला की गवंडीबुवांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. मेहुणा नगरपालिकेत शिपाई. कुठलीही बातमी त्याच्या पोटात राहायची नाही, आणि अर्धी बातमी तर तो सबंध बातमीपेक्षा जास्त जोरात सांगायचा.

"नक्की ना रे?"

"अहो, सहीशिक्क्यासकट लिहिलंय, मुदतवाढ देण्यात येत आहे!"

पुढचं बुवांनी विचारलंच नाही, इथेच सगळं फसलं. पण त्यांना तरी काय बोलणार? वर्षभर ते ह्याच एका शब्दासाठी झुरत होते. घरावर एक खोली चढवायची परवानगी त्यांनी रीतसर काढली होती. जिना बांधून झाला आणि नेमकी नगरपालिकेने नदीकाठच्या सखल भागात सगळ्या बांधकामांवर तात्पुरती बंदी घातली. बंदी उठायची वाट बघण्यात परवानगीची मुदत टळून गेली. मग ती वाढवून मिळावी म्हणून अर्ज, अर्जामागून स्मरणपत्र, त्यामागून आणखी एक. घरात मात्र चौदा पायऱ्यांचा जिना, आणि वर नुसती उघडी गच्ची. "बुवा, स्वर्गात जायची सोय केली का?" असं गल्लीतले विचारायचे. बुवा हसायचे, पण मनातून नुसता जळफळाट व्हायचा.

खोली काही हौसेची नव्हती. बायकोची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली, तेव्हापासून ती खालच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. त्याच वर्षीच्या पुरात पाणी गादीला लागलं, तेव्हा बुवांनी दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि चौघांनी तिला त्या दारावर घालून बाहेर काढलं. भिंतीवरची पाण्याची रेघ दोनदा चुना मारला तरी परत वर आली. पुढच्या पुराआधी बायकोला त्या रेघेच्या वर न्यायचं, एवढं एकच बुवांच्या डोक्यात होतं.

"एकदा जाऊन कागद वाचून तरी या," बायको म्हणाली.

"तुझा भाऊ खोटं सांगेल का?"

"खोटं नाही हो सांगणार. पण धड तरी काय सांगितलंय त्याने आजवर?"

बुवांना कुठला धीर! त्यांनी ओळंबा काढला, दोरी ताणली, आणि दिवस मावळायच्या आत विटांचे तीन थर चढवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या. चौदा पायऱ्या चढून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बुवा, हे काय करून बसलात?"

"मुदत वाढली ना, बाई!"

"वाढली. बंदीची वाढली. आणखी सहा महिने."

बुवांनी थापी खाली ठेवली. "आणि माझ्या परवानगीची?"

"बंदी उठल्याशिवाय तुमचा अर्ज पुढे सरकत नाही."

"पण पाणी खाली येतं, बाई! मी वर बांधतोय. गच्चीवर कसला आलाय पूर?"

बाईंनी हातातला कागद मागून पुढून बघितला. "खरं सांगू? मीही हेच विचारलं होतं. कागदात वर-खाली काही नाही. बांधकाम म्हणजे बांधकाम." मग त्यांनी नदीकडे बोट केलं. "पूर्वी तिकडे पाणी पसरायला जागा होती. ती भरली, म्हणून ते तुमच्या घरात शिरतं. चुकलं का माझं?"

बुवांनी तिकडे बघितलं आणि त्यांना ओशाळल्यासारखं झालं. तिकडची निम्मी घरं त्यांच्याच हातची. भराव टाकून, जोती उंच करून, मोठ्या दिमाखात बांधलेली. आता चिडायचं तरी कोणावर? मेहुण्यावर, बाईंवर, की ह्या हातांवर?

"माल ओला आहे तोवर उतरवा," बाई हळूच म्हणाल्या. "आज मी काही लिहीत नाही."

बुवा एकेक वीट सोडवून, खरवडून रचत बसले. खाली आले तेव्हा बायको जिन्याकडेच बघत होती.

"भिंत उतरवलीत ना? चढवताना आवाज वेगळा येतो. मुदत कोणाची वाढली मग?"

"बंदीची."

"मजा आहे बाई तिची! माझी कोणी वाढवतंय का, तेही विचारायचं होतंत."

बुवा हसायला गेले आणि ढसाढसा रडले. बायकोने त्यांना रडू दिलं. मग विचारलं, "जिन्याला आहे का हो बंदी?"

"नाही. तो आधीचा."

"मग न्या मला वर."

बुवांनी तिला पाठुंगळी घेतली. भिंतीवरची रेघ सहाव्या पायरीला खाली राहिली. नवव्या पायरीला बुवांचे गुडघे लटपटायला लागले, अकराव्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. चौदाव्या पायरीवर त्यांनी तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसून धापा टाकू लागले. दोन वर्षांनी तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं.

"पाणी आल्यावर जमेल इथवर?" तिने विचारलं.

"कोणास ठाऊक गं. आज कसंबसं जमलं."

"पाणी यायला चार महिने आहेत," ती त्यांच्या थरथरत्या गुडघ्यावर उजवा हात ठेवत म्हणाली. "रोज एकदा चढवा मला. तेवढी मुदत पुरे आहे आपल्याला."