मुहूर्ताच्या गाडीत हात

जब्बारला यातून मिळणार तरी काय होतं? एक हार, एक शेला, नारळ आणि कुणीतरी मोबाइलवर काढलेला फोटो. देवीलालनं हे सगळं एका बाजूला मांडून पाहिलं. दुसऱ्या बाजूला फुलसावंगी ते दिग्रस एवढा रस्ता, वाटेत पुसदचा भरला बाजार टाकून पुढं येणं, आणि कॉलेज सुटल्यापासून न झालेली एकही भेट. दोन्ही बाजू काही केल्या जुळेनात. जे जुळत नाही त्यात खोट असते, या एकाच समजुतीवर देवीलालनं दिग्रसात कापसाची जिनिंग चालवली होती आणि ती बऱ्यापैकी चालली होती.

फोन दसऱ्याच्या आधी आला होता.

"देव्या, जब्बार बोलून राह्यलो. फुलसावंगीचा."

देव्या म्हणणारं माणूस आता उरलं नव्हतं. बाजारात तो देवीलालशेठ होता, आणि पाठीमागं लोक काय म्हणतात तेही त्याला ठाऊक होतं.

"बोल ना, बोल. लय दिवसांनी आठोण आली."

"यंदा तुह्या मुहूर्ताले माह्यी गाडी लाव."

"इतक्या लांब कायले येतं बाबा? पुसदले देऊन टाक."

"पुसदले काय तू बसला हायेस? अन् ऐक, उशी आठवते ना तुले?"

"आठवते ना," देवीलाल म्हणाला. त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. पण आठवत नाही असं कबूल केलं की समोरचा वरचढ होतो. पलीकडं जब्बार खळखळून हसला आणि फोन बंद झाला. ते हसणंही देवीलालला भरवशाचं वाटलं नाही.

"उशी कोणती असंन?" त्यानं रात्रीच्या जेवणाला बायकोला विचारलं.

"मले काय माहीत? तुमीच वापरली असंन त्याची," बिजलीबाई भाकरी वाढत म्हणाली. "परत मागाले येऊन राह्यला असंन. देऊन टाका एखादी. हाय आपल्या घरी, कडक झालेली."

देवीलाल हसला नाही. त्यानं जब्बारला पहिल्यापासून तपासायला घेतलं. यवतमाळला आर्णी रोडवर एक खोली, तिचं दार पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात लागायचं नाही. त्या खोलीत दोघं तीन वर्षं राहिले. जब्बार भाजी चिरायचा, पोळ्याही करायचा, त्या गोल व्हायच्या. देवीलालला टायफॉइड झाला तेव्हा जब्बारनं आपली परीक्षा बुडवून त्याच्या उशापायथ्याशी मुक्काम ठोकला. देवीलालनं हे आजवर मैत्रीच्या खात्यात ठेवलं होतं. आता ते बाहेर काढून उन्हात धरलं. माणूस परीक्षा बुडवतो ती काय उगीच? अभ्यास झाला नसेल. टायफॉइड त्याच्या पथ्यावरच पडला असेल. मग गोल पोळ्यांवरही संशय घेऊन झाला, पण त्यांत काही सापडलं नाही.

राहता राहिला मुहूर्त. हंगामातली पहिली खरेदी म्हणजे मुहूर्त. गाडीला ओवाळायचं, शेतकऱ्याला हार घालायचा, बाजारापेक्षा थोडा चढा भाव द्यायचा. एरवी कापसाच्या गाडीत खांद्यापर्यंत हात घालून खालचा कापूस ओढून पाहिल्याशिवाय देवीलाल भाव बोलत नसे, कारण वर पांढराशुभ्र आणि खाली वल्ला, हा खेळ त्याला पाठ होता. पण मुहूर्ताच्या गाडीत हात घालायचा नाही, हा त्याचे वडील पूनमसिंग यांनी घालून दिलेला नियम होता. पहिल्या गाडीवर विश्वास टाकायचा. तेवढ्या एका विश्वासावर पुढं हंगामभर शेतकरी येतो, असं म्हातारा म्हणायचा.

मागच्या वर्षी देवीलालनं तो विश्वास टाकला. हार घातला, फोटो काढला, आणि गाडी खाली झाली तेव्हा तळातून ओला, काळपट कापूस निघाला. सगळ्या बाजारात हसू झालं. रस्त्यापलीकडच्या नव्या जिनिंगवाल्यानं तर त्याला नारळ पाठवला. ज्याचा मुहूर्तच नासला त्याच्याकडं हंगाम कशाला, म्हणून त्यानंतर निम्म्या गाड्या पलीकडं वळल्या. यंदाही मुहूर्ताला फजिती झाली तर उरलेल्याही वळणार, हे लहान मूलही सांगू शकलं असतं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी जब्बारची पिकअप फाटकातून आत आली. मागं चारपाच गाड्या होत्या, त्यांचे मालक मुहूर्त बघायला थांबले होते. जब्बार उतरला. केस पांढरे, पोट थोडं पुढं, हसणं तेच.

"किती सुटला रे देव्या."

"अन् तू का वाळला हायेस?"

गाठभेट झाली. मिठी मारतानाही देवीलालची नजर जब्बारच्या खांद्यावरून मागं कापसावर होती. कापूस सुरेख होता. लांब धाग्याचा, स्वच्छ, पहिल्या वेचणीचा. एवढा सुरेख कापूस वर असला की देवीलालला खालच्या कापसाची शंका येई.

बिजलीबाई ताट घेऊन आली. देवीलाल चालत चालत गाडीच्या मागच्या कोपऱ्याकडं गेला, नुसता फाळका बघावा तसा. जब्बार चटकन पुढं झाला आणि कोपऱ्याशी पाठ लावून उभा राहिला.

"तिकडून नको. तिकडचं मी उतरवतो, मंग."

"काहून?"

"सांगतो ना. आधी हार तर घाल."

आधी हार. मागच्या वर्षीचा माणूसही असंच म्हणाला होता. देवीलालनं भोवती पाहिलं. चारपाच शेतकरी, पलीकडच्या जिनिंगच्या दारात उभा मालक. बिजलीबाई ताट धरून त्याच्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "नको हं." बायकोला कसं कळलं, याचाही त्याला क्षणभर संशय आला.

मग त्यानं बाही वर सारली, जब्बारला अंगानं बाजूला केलं आणि कोपऱ्यात खांद्यापर्यंत हात घातला.

कापूस कोरडा होता, खालीही कोरडा, आणखी खालीही. मग बोटांना गोणपाट लागलं. गोणपाटाच्या आत टणक, गोल, खडबडीत. एक, दोन, पुष्कळ.

"दगड भरून आणले का, जब्बार?" तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

देवीलालनं एक गोटा मुठीत आवळला आणि पोतं ओढलं. तोंड सुटलं. हिरवी, डोळे फुगलेली, कच्ची सीताफळं कापसावरून घरंगळत खाली आली. एक त्याच्या मुठीत होतं, ते चिरलं होतं. कच्च्या सीताफळाचा आणि कापसाचा असा एकत्र वास त्याच्या नाकात शिरला, आणि मग उशी आठवली.

जब्बारची उशी. घरच्या कापसाची, खोलीतल्या कुणाच्याही उशीपेक्षा दुप्पट. दिवाळीच्या आधी गावाहून आला की तो त्या उशीत कच्ची सीताफळं खुपसून ठेवायचा आणि त्या ढेकळांवर मान वाकडी करून झोपायचा. तीनचार दिवसांनी खोलीभर वास सुटला की अंधारात देवीलालला हलवून उठवायचा. म्हणायचा, "ऊठ देव्या, उशी व्याली."

एक शेतकरी फिसकन हसला. मग दुसरा. मागच्या वर्षीसारखंच, फक्त या वेळी हसायचं कारण देवीलालनंच दिलं होतं.

जब्बारनं त्याच्या बाहीला चिकटलेला कापूस सावकाश वेचून काढला. "आता घातलाच हात तर त्या बाजूनंही पाह्यून घे. मनात नको राहाले."

"जब्बार, मी..."

"पाह्य ना. मले राग नाई."

देवीलालनं पाहिलं नाही. तो घाईनं हार उचलून पुढं आला. जब्बारनं मान मागं घेतली.

"हार मुहूर्ताच्या गाडीले असते, देव्या. तपासलेल्या गाडीले नाई. बाजारभावानं लाव अन् काटा कर."

काट्यावर वजन झालं. गाडी तळापर्यंत खाली झाली, तळाचा कापूसही वरच्यासारखाच निघाला. काट्याशी उभ्या उभ्या बिजलीबाईनं जब्बारला चहा दिला, त्यानं तो घेतला, पिताना तिच्याशी चार शब्द बोलला, "येतो वहिनी," म्हणाला आणि गेला. जाण्याआधी देवीलालचा हातही हातात घेतला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं देवीलालला वाटून गेलं. भांडणात निदान दोघं तरी असतात.

"काय बोलत होता तुह्याशी?" त्यानं बायकोला विचारलं.

"विचारूच नका."

"सांग तं."

"त्याले पुसदच्या बाजारात कोणीतरी सांगितलं, मांगच्या मुहूर्ताले तुमाले वल्ला कापूस गवसला, लोक हासले. म्हणून यंदा सीतादही करून, शेताले दहीभाताचा निवद दाखवून पहिली वेचणी केली, तो कापूस घरात येगळा ठेवला. म्हणे, देव्याच्या मुहूर्ताले कोणी हासू नाई." तिनं खाली पडलेली सीताफळं पदरात गोळा केली. "अन् ही पोतडी हार घातल्यावर सगळ्यांसमोर तो स्वतःच काढणार होता. तुमाले दचकवाले."

देवीलाल ऑफिसात जाऊन बसला. संध्याकाळी त्यानं फोन लावला. जब्बारनं उचलला, तब्येत विचारली, गाडी नीट पोचल्याचं सांगितलं, पोरांची चौकशी केली. सगळं बोलणं गोड, कोरडं, तळापर्यंत एकसारखं. शेवटी "बरं, ठेवतो देवीलालशेठ," म्हणाला.

बिजलीबाईनं सीताफळं कडक झालेल्या उशीचा कापूस सोडवून त्यात घातली. गुरुवारी वास सुटला. तिनं ती काट्यावरच्या माणसाला दिली, हमालांना दिली, शेजारी दिली. सगळ्यांनी बोटं चाटली आणि बिया अंगणात थुंकल्या.

त्या आठवड्यात मुहूर्त बघायला आलेल्यांपैकी दोघांच्या गाड्या पलीकडच्या फाटकात शिरल्या. पलीकडच्यानं या वेळी नारळ पाठवला नाही, गरज नव्हती.

तेव्हा शेवटी हिशेब असा लागला. जब्बारचा कापूस रास्त भावात गेला, त्याला एक हार कमी मिळाला. पलीकडच्याला गाड्या मिळाल्या. हमालांना सीताफळं मिळाली. आणि मुठीत चिरलेलं ते एक फळ उशीत पिकलं नाही, काळं पडलं. ते बिजलीबाईनं ताटलीत घालून देवीलालपुढं ठेवलं. त्यानं ते फोडलं, आणि सगळं खाल्लं.